नव्या होडीचं सामान

ही यादी मासेमारीच्या नव्या होडीला लागणाऱ्या सामानाची. जिल्हा नगर, आता अहिल्यानगर. समुद्र सह्याद्रीपलीकडे राहिला, पण मोठं पाणी इथंही आहे. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदरा, राहुरीजवळ मुळा धरण, नेवासा-शेवगावच्या कडेनं जायकवाडीचा नाथसागर, कर्जतच्या दक्षिणेला भीमेवर उजनीचा फुगवटा. भंडारदरा १९२६ सालचं. बाकीची धरणं १९७० च्या दशकातली, उजनी पुरं होईस्तोवर १९८० उजाडलं. त्याआधी नदीत होडी होती ती माणसं पैलतीरी उतरवायला, बहुतेक पावसाळ्यापुरती. मासे धरायचे ते डोहाच्या कडेला, उथळात, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून. जाळी घेऊन खोल पाण्यात शिरणारी होडी या भागात वाढली ती धरणांमागून. भोई, कहार, कोळी आणि जमिनी पाण्याखाली गेलेल्यांपैकी काहीजण तिच्यावर पोट भरू लागले. दोन-तीन पिढ्यांची ही गोष्ट, आणि एवढ्यातच तिचं सामान एकेक करून जायला लागलं.

बाभळीचा बाक. होडीच्या आतल्या फासळ्या सरळ लाकडातून कापून काढल्या तर लाकडाची रेघ तुटते आणि ताण आला की फासळी तिथंच चिरते. म्हणून झाडावरच वाकलेली फांदी हुडकायची. जिथं खोडातून फांदी फुटते तो कोपरा सगळ्यात चिवट. जाणता सुतार बांधाबांधानं हिंडून उभ्या झाडावरच फासळी बघून ठेवायचा: ही पुढच्या निमुळत्या भागाला, ही मधल्या पसरट पोटाला. बैलगाडी आणि औतं घडवणाराच हा सुतार, त्यामुळे बाभूळ त्याच्या हाताखालची होती. वाकसानं ती तासायची, फळीला टेकवून बघायची, उजेड दिसला तिथं परत तासायची. नकाशा नाही, कागद नाही. आता बांध कोरून कोरून वितीएवढे राहिले आणि बांधावरची गावठी बाभूळ गेली. वेडी बाभूळ सगळीकडे माजली आहे, पण तिला तसलं खोड धरायला सवडच मिळत नाही, त्याआधीच ती कोळशाच्या भट्टीत जाते. बैलगाडीही गेली. गाडी गेली तेव्हा सुताराचा हात गेला, आणि होडीच्या फासळीचं ज्ञान त्या हाताबरोबरच गेलं.

फळ्या. सागाच्या परवडल्या तर उत्तम, नाहीतर आंब्याच्या. आंब्याची फळी लवकर कुजते हे सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी तीच घ्यायचे.

लोहाराचे खिळे. चौकोनी अंगाचे, पसरट डोक्याचे, भात्यावर घडवलेले. फळीतून आरपार काढून आतल्या बाजूला टोक वळवून ठोकायचे, म्हणजे लाकूड फुगलं-आटलं तरी खिळा सुटत नाही. दुकानातल्या गोल तारेच्या खिळ्याला ती पकड नाही.

सुताची वात, राळ, डांबर. दोन फळ्यांमधली फट बुजवण्याचं काम होडीच्या सगळ्या कामात किचकट. जुन्या सुताची सैलसर वात वळायची, बोटाएवढी. तिला तेलात कालवलेली राळ चोळायची. बोथट पटाशी फटीवर धरून लाकडी हातोडीनं वात आत बसवत जायची. जोरात मारली तर फट रुंदावते, हळू मारली तर वात वर राहते आणि दोन महिन्यांत लोंबायला लागते. हातोडीचा आवाज बदलला की समजायचं, आत जागा भरली. मग वरून राळेचा लेप. शेवटी होडी पालथी घालून गरम डांबराचे दोन हात, आणि डांबर ओलं असताना पोरांना लांब हाकलायचं. तो वास ज्यानं घेतला आहे त्याला तो पुढं कुठंही आला तरी धरणाचा काठच आठवतो. हल्ली रस्त्याच्या कामावरून उरलेलं डांबर आणतात आणि फटीत प्लास्टिकच्या पोत्याचे दोरे कोंबतात. पाणी अडतं, पण पोत्याचा दोरा फुगत नाही. सूत फुगतं.

पाणी पाजणं. ही वस्तू नव्हे, काम आहे, पण यादीत हवं. कोरड्या लाकडाची नवी होडी तशीच पाण्यात सोडली तर ती गळते, कितीही मन लावून बांधलेली असो. म्हणून आधी तिला काठावर उताणी ठेवून तिच्यातच घागरीनं पाणी भरायचं. पहिल्या दिवशी कडेकडेनं झिरपतं. फळ्या फुगत जातात, फटी आपोआप आवळतात, झिरपणं थांबतं. एखादी फट तरीही रडत राहिली तर तिथं खडूनं खूण करायची आणि पाणी काढून वात पुन्हा ठोकायची. लाकडाला एवढा वेळ द्यावा लागतो. पत्रा आणि फायबरला तो द्यावा लागत नाही, आणि या दोघांनी बाजी मारली त्याचं हे एक मोठं कारण आहे.

कळक. उथळ पाण्यात वल्ह्यापेक्षा बांबूचा उपयोग जास्त. तळाला टेकवायचा आणि रेटा द्यायचा. बुडालेल्या विहिरीचा कठडा, घराची भिंत, जुन्या वडाचा बुंधा हे सगळं कळकाच्या टोकाला लागायचं. गावठाणावरून होडी नेणाऱ्या जुन्या माणसाला हे टोक सांगायचं की आता आपण कुणाच्या दाराशी आहोत. इंजिन लावलेल्या होडीत कळक आडवा पडून असतो.

नांगर म्हणजे दगड, आणि तो भोकाचा हवा. जुन्या जात्याचा वरचा दगड त्याला सोयीचा, मधल्या भोकातून दोर ओवता येतो. गिरण्या आल्या तशी जाती मोकळी झाली, म्हणून काही वर्षं असे नांगर भरपूर होते. आता सिमेंटनं भरलेला रंगाचा डबा.

जाळं. त्याला सामानात धरायचं की होडीच्या बरोबरीचं मानायचं, मला ठरवता येत नाही. होडी बांधायला काही आठवडे लागायचे, जाळ्याला अख्खा उन्हाळा. सुती किंवा तागाचा दोरा, बांबूची चपटी सुई, आणि आसाचं, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं, माप म्हणून एक बांबूची पट्टी, नाहीतर सरळ हाताची बोटं. दोन बोटी, तीन बोटी, चार बोटी जाळं. सुईवर दोरा भरायचा, पट्टीभोवती फेर घ्यायचा, वरच्या आसातून सुई काढायची, अंगठ्यानं दोरा दाबून धरायचा, मागून वळसा देऊन ओढायचं. गाठ अंगठ्याखाली सरकू द्यायची नाही, नाहीतर आस लहानमोठा होतो आणि मासा नेमका मोठ्या आसातून जातो. घरातल्या बाया, म्हातारी माणसं, शाळेतून आलेली पोरं, जो रिकामा तो दोन ओळी विणून उठायचा. एकाच जाळ्यात घरातल्या सगळ्यांच्या हातांच्या गाठी असायच्या, आणि घट्ट कुणाची, सैल कुणाची हे घरात माहीत असायचं.

विणलेलं जाळं रंगवायचं. बाभळीची किंवा ऐनाची साल पाण्यात उकळून त्या लालसर काढ्यात ते बुडवून ठेवायचं. साल सुताला कुजण्यापासून वाचवते. तरीही सुती जाळ्याचं आयुष्य बेताचंच. रोज वाळत घालावं लागे, ओलं गुंडाळून ठेवलं की आठवड्यात वास. ज्यांनी हे केलं आहे त्यांना नायलॉनचं जाळं हातात आल्यावर सुटल्यासारखं वाटलं असेल, यात शंका नाही. मागून तंगूस, म्हणजे नायलॉनचाच एकपदरी दोरा, आला. तो पाण्यात दिसत नाही, कुजत नाही, स्वस्तात तयार मिळतो. पण न कुजण्याची दुसरी बाजूही बघायला हवी. बुडालेल्या झाडाला अडकून तुटलेलं सुती जाळं वर्षात गळून जायचं. तंगूस तिथंच राहतो आणि मासे धरत राहतो, कुणासाठीही नाही. जायकवाडीचं पाणी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यात नेवासा-शेवगावचा काठही येतो. बुडी मारून मासे धरणाऱ्या पाणकावळ्यांना तर हे जाळं दिसतच नाही.

भोपळे. कडू भोपळा वेलावरच वाळू द्यायचा, बी खुळखुळायला लागलं की उतरवायचा, देठाशी राळ लावायची. जाळ्याची वरची दोरी तरंगती ठेवायला ते बांधायचे. मोठे भोपळे जोडून केलेल्या सांगडीवर माणसं नदीही ओलांडायची. आता पाण्याच्या रिकाम्या बाटल्या.

मातीचे मणी. जाळ्याच्या खालच्या दोरीला वजन म्हणून. कुंभाराच्या भट्टीत मडक्यांबरोबर भाजून निघायचे. आता शिशाचे. मुळेच्या, प्रवरेच्या काठी वाळू उपसलेल्या खड्ड्यांत असे जुने मणी अजून सापडू शकतात. सापडले तर टाकू नयेत.

मुहूर्त. कोकणात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या निघतात. तिथं भरती ठरलेली. इथं होडी पाण्याकडे न्यायची की पाणी होडीकडे यायचं, हे आभाळ ठरवतं. नाथसागराचा तळ उथळ आणि सपाट, म्हणून उन्हाळ्यात पाणी लांबवर मागं सरकतं, उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. त्यामुळे होडी बांधायची ती पावसाळ्यात पाणी जिथवर चढतं त्या खुणेच्या आसपास. मग वाट बघायची. नगरला पाऊस पडून भागत नाही. तो त्र्यंबक-इगतपुरीला पडावा लागतो, गंगापूर आणि दारणा भरावी लागतात, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून पाणी सुटावं लागतं. गोदावरीला गंगाच म्हणणारा काठचा माणूस क्युसेकचे आकडे विचारत बसतो. एखाद्या वर्षी पाणी येतच नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्यात गेलं होतं, तेव्हा होड्या तडकलेल्या गाळावर पडून होत्या. लाकडी होडीला हे सोसत नाही. आटलेल्या फळ्यांच्या फटी पुन्हा उघडतात, सगळं वात-राळेचं काम नव्यानं करावं लागतं.

आणि पाणी आलं की साती आसरांची ओटी. पाण्याकाठच्या सात दगडांना शेंदूर, हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, नारळ. होडीच्या पुढच्या टोकाला हळदीकुंकवाची बोटं, त्यावर नारळ. सुताराला टोपी, टॉवेल, नारळ, आणि त्याच्या हातानंच होडीला पहिला रेटा. ओंडक्यांवरून ती सरकवायला सगळी आळी लागायची, म्हणून दिवस आपसूकच सगळ्यांचा व्हायचा. फायबरची होडी टेम्पोतून येते, चारजण उचलून पाण्यात ठेवतात. नारळ अजून फुटतो. टोपी-टॉवेल कुणाला द्यायचा, हा प्रश्न राहतो.

सिद्धटेकची होडी. कर्जत तालुक्यातल्या या गणपतीला दौंडकडून येणारा माणूस शिरापूरला उतरून होडीनंच भीमा ओलांडायचा. ती मासेमारीची होडी नव्हती, पण तीच बांधणी, तेच डांबर, तेच हात. पूल झाला. पुलाला माझी हरकत नाही, आजारी माणूस रात्री पलीकडे नेता येतो. फक्त त्या होड्या डागडुजीला ज्यांच्याकडे जायच्या, त्या सुतारांचं वर्षभराचं कामही पुलानं नेलं.

काहील. गुऱ्हाळावरची गुळाची कढई, पुरात होडी म्हणून वापरलेली. गुऱ्हाळंच कमी झाली.

ट्यूब आणि थर्माकोल. ज्याला कोणतीच होडी परवडत नाही तो ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकतो, किंवा थर्माकोलचे ठोकळे पोत्यात शिवून त्याचा तराफा करतो. यांचं नाव ‘सामान’ म्हणून कुणी घेत नाही, पण धरणावरची बरीच मासळी यांच्यावरूनच काठाला येते. ट्रकला आता बिनट्यूबचे टायर येतात, तेव्हा ट्यूबही या यादीत चालली. थर्माकोलचा चुरा मात्र पाण्यात राहणार.

जाकीट. जुन्या सामानात हे कधीच नव्हतं, आणि ते नसणं जपण्यासारखं नाही. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव ते कळाशी निघालेली होडी वादळात उलटून सहाजण बुडाले. दोनच दिवसांनी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला आलेल्या आपत्ती दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. जुनी माणसं पोहणारी होती, आभाळ बघून निघणारी होती, हे खरं. वळवाचा वारा मोकळ्या पाण्यावर सुटतो तेव्हा पोहणं पुरत नाही, हेही तेवढंच खरं. नव्या होडीच्या सामानात जाकिटं पहिली मोजावीत, माणसांएवढी.

माप. यादीतली ही शेवटची आणि अजून हाताशी असलेली गोष्ट. जायकवाडीच्या, उजनीच्या, मुळेच्या काठावर लाकडी होड्या अजून दिसतात. काही चालू, काही पालथ्या घालून सोडलेल्या. बांधणारे सुतार थकले आहेत, आणि त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही. मार्च ते मे पाणी उतरलेलं असतं, होड्या कोरड्यावर येतात. टेप, वही आणि फोनचा कॅमेरा एवढं पुरतं. लांबी, मधली रुंदी, दोन टोकांची उंची, फासळ्या किती आणि किती अंतरावर, प्रत्येक फासळीचा बाक कागदावर धरून गिरवलेला, फळ्यांची जाडी, लाकूड कोणतं, खिळा कुठं वळवलाय. सुतार हयात असेल तर त्याला शेजारी बसवून विचारायचं की पहिली फळी कुठून धरतोस. नेवाशाच्या, राहुरीच्या, कर्जतच्या कॉलेजांत मुलं आहेत, त्यांतली कितीतरी याच काठावरच्या गावांतली. प्रत्येक काठाला एक होडी नीट मोजली गेली, तरी पुढं कुणाला ती बांधावीशी वाटली तर त्याला फासळीचा बाक कुठून आणायचा एवढीच अडचण उरेल, आणि त्यासाठी बांधावर चार गावठी बाभळी आतापासून राखून ठेवता येतील.