मागचा काळोख

पोर्ट्रेटच्या मागे काळोख हवा असेल तर काळा पडदा लागतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. आमच्या मोहल्ल्यातल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत पडदा टांगायला जागा तरी कुठे आहे? तिथे मी पडद्याशिवायच फोटो काढतो.

हिशेब साधा आहे. कॅमेरा मॅन्युअलवर घ्यायचा. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८, शटर १/२००. आधी फ्लॅश न लावता एक फोटो काढून पाहायचा. घरात, भरदुपारीही, तो जवळजवळ काळाच येतो. म्हणजे खोलीतला उजेड बाद झाला. फ्लॅशची चमक शटर उघडं असतानाच क्षणात संपते, त्यामुळे शटरचा वेग तिला कमी करत नाही. फक्त बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलं की फोटोत काळी पट्टी येते, तिथे थांबायचं.

मग फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून सॉफ्टबॉक्ससह चेहऱ्याच्या एका बाजूला तीन फुटांवर ठेवायचा. छत्री नको. ती उजेड सगळीकडे उधळते आणि पांढऱ्या भिंती तो परत फेकतात. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. फ्लॅशपासून चेहरा तीन फुटांवर आणि भिंत नऊ फुटांवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या एक नवमांश उजेड मिळतो. सॉफ्टबॉक्सचं तोंड भिंतीपासून जरा वळवलं की खुंटीवरचे कपडे, फ्रिज, कपाट सगळं अंधारात जातं.

वर्तमानपत्रात आमच्या माणसांचा फोटो येतो तेव्हा मागे बहुतेकदा मिनार असतो, नाहीतर गल्लीतली गर्दी. माणूस त्या मागच्या चित्राचा नमुना होऊन बसतो. म्हणून मला हा काळोख आवडतो. त्यात बघणाऱ्याला चेहऱ्याकडेच बघावं लागतं.

शेजारच्या खालांचा आधार कार्डावरचा सोडला तर एकटीचा फोटोच नव्हता. तो मी असाच काढला. त्यांचा काळा बुरखा काळ्यात बुडू नये म्हणून मागच्या बाजूने एक छोटा फ्लॅश लावला. डोक्याची आणि खांद्याची कड उजळली. फोटो पाहून खाला म्हणाल्या, "ये तो मैंच हूँ!" मग थोडं थांबून म्हणाल्या, "अब एक मशीन के साथ निकाल बेटा."

शिलाई मशीन मागेच होती. तिच्यावरच त्यांनी तीन मुलं वाढवली. कॅमेरा स्टँडवर लावला, शटर १/८ वर आणलं, बाकी सगळं तसंच ठेवलं. चेहरा पहिल्यासारखाच उजळ आला आणि मागून मशीनचं चाक, अर्धवट शिवलेला कुर्ता अंधुक दिसू लागला.

काळोख किती ठेवायचा, हे शटरच्या चाकावर आहे. ते चाक फिरवण्याआधी समोरच्या माणसाला विचारावं: मागचं काय दिसायला हवं?