देवळालीचा ताप

'माइंड युअर लँग्वेज' या ब्रिटिश विनोदी मालिकेची कॅसेट आमच्या नाशिकच्या घरी आली तेव्हा आजीसकट सगळे पोट धरून हसले. परदेशी विद्यार्थ्यांचं मोडकंतोडकं इंग्रजी हाच तिथला विनोद, आणि त्या बाबतीत आम्ही त्यांच्या घरचेच.

माझी दांडी गुल केली ती 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'नं. नोकरीसाठी लंडनला गेलो आणि ऑफिसात जो तो १९८१ साली सुरू झालेल्या या मालिकेतली वाक्यं फेकतोय. पेकहॅमच्या सरकारी इमारतीत राहणारा डेल बॉय, त्याची तीन चाकांची पिवळी व्हॅन, सुटकेसमधून विकलेला संशयास्पद माल, हे सगळं कळायचं. पण 'रूबी खायला जाऊ' म्हटलं की मी गप्प. रूबी मरे ही १९५०च्या दशकातली बेलफास्टची गायिका. मरेचं यमक करीशी जुळतं, म्हणून करी म्हणजे 'रूबी मरे'. मग ज्यामुळे यमक जुळलं तो 'मरे'च टाकून द्यायचा! लंडनच्या ईस्ट एंडची ही जुनी खोड. परक्यानं अर्थ लावायचा तरी कुठून?

शब्दांची वही केली, पाठ केली. उपयोग शून्य. कारण डेल फ्रेंच फेकतो तेव्हाही लोक हसतात. 'मांज तू' हे खरं तर वाटाण्याच्या एका कोवळ्या शेंगेचं नाव. तो ते रुबाबात, 'अर्थातच' या थाटात म्हणतो. इथे फ्रेंच येण्या-न येण्याचा प्रश्नच नाही. हसू येतं ते पायरी सोडून वर चढू बघणाऱ्या माणसाचं. 'कीपिंग अप अपिअरन्सेस'मधली हायसिंथ बकेट आपल्या आडनावाचा उच्चार 'बुके' करायला लावते, ती मला एका भागात कळली. आमच्या कॉलनीत तशा दोन होत्या. ब्रिटिश विनोदाचं कुलूप कोण वरचा, कोण खालचा यात असतं. बोलीभाषा नंतर आपसूक उलगडते.

एक शब्द मात्र घरूनच गेलेला. 'डुलाली' म्हणजे डोकं फिरलेला. आमच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई महिनोन्महिने पडून राहायचे; त्या वेडाला ते 'डुलाली टॅप' म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप. १९७४ ते १९८१ चाललेली 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका याच छावणीत सुरू होते. लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः देवळालीत सैनिकांच्या करमणूक पथकात होते. चहावाला झालेला दिनो शफीक 'माइंड युअर लँग्वेज'मधला अलीच. आणि पंख्याची दोरी ओढत साहेबलोकांवर पुटपुटणारा रमझान? माझ्या मते मालिकेतलं सगळ्यात शहाणं पात्र तेच.

पण याच मालिकेत रंगीराम झालेला मायकेल बेट्स गोरा. जन्म झाशीचा, उर्दू अस्खलित, तरी चेहरा तपकिरी रंगवलेला. तो दिसला की माझं हसू अर्ध्यावर थांबतं. याच कारणानं बीबीसी ही मालिका पुन्हा दाखवायला धजत नाही. डीव्हीडी मिळते. नाशिककरांनी तरी ती बघावी, रंगीरामचा रंग न विसरता.