राजमाचीचा पहिला मुक्काम

बुधवार, माटुंगा

फाइव्ह गार्डन्सला फेऱ्या मारून सगळे बाकावर टेकले तेव्हा राजमाची ठरली होती, वाट ठरायची होती. गटात रुईयाचे दोन विद्यार्थी, एक शिक्षिका आणि तिची शाळकरी मुलगी, बँकेतून निवृत्त झालेले काका आणि सह्याद्रीत बरीच वर्षं हिंडलेला दादा. दादा सोडला तर पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगरात कुणीच राहिलेलं नव्हतं.

राजमाचीच्या वाटा मुख्यतः दोन. कर्जतकडून कोंदिवड्याहून चढलं तर अंतर कमी, पण चढ छातीवर येतो. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे गेलं तर चाल साधारण १५ किलोमीटर. मात्र लोणावळाच ६०० मीटरच्या वर असल्यामुळे चढाचा मोठा वाटा रेल्वेच उचलते. पोरांना कर्जतची वाट हवी होती. दादाने काकांचा वेग पाहिला आणि लोणावळा धरलं. निर्णय योग्यच होता, कारण या बाजूने गावापर्यंत कच्चा रस्ता आहे. गुडघ्याने दगा दिला किंवा ताप भरला, तर जीपने परत फिरता येतं. पहिल्या मुक्कामाची जागा निवडताना किल्ल्याच्या नावाआधी माघारीची सोय बघावी.

मग वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा मांडला होता: तासाला तीन मैल चाल, शिवाय दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. तसं पाहिलं तर ही वाट तीन-साडेतीन तासांची. पण तो हिशेब सरावलेल्या, धडधाकट माणसाचा. दादाने सहा तास धरले. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून दहाच्या आत लोणावळा सोडायचं ठरलं.

शुक्रवार, रात्र

शिक्षिकेच्या घरी सगळ्यांच्या सॅक आल्या आणि ताणकाट्याला लागल्या. भरलेल्या सॅकचं वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. नवख्याने सहावा हिस्साच धरावा. मुलीचं वजन ४८ किलो, म्हणजे आठ किलोंची मर्यादा. काटा अकरावर गेला! त्यातले तीन किलो पाण्याचेच होते, आणि पाण्याला कात्री लावता येत नाही. जीनची पँट निघाली, मोठा टॉवेल निघाला, शाम्पूची बाटली निघाली. स्लीपिंग बॅग सगळ्यात खाली, जड सामान पाठीला चिकटून मधोमध, विजेरी, शिट्टी आणि ओआरएसची पाकिटं वरच्या कप्प्यात, असं दादाने सॅक उपसून पुन्हा भरून दाखवलं. शिट्टी का, तर संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबून पुन्हा. उत्तर तीन शिट्ट्यांचं.

काका कोरे करकरीत बूट घेऊन आले होते. ते बूट घरीच राहिले. वापरून सैलावलेले जुने बूट पायांत गेले.

गावातल्या एका घरी फोन आधीच झाला होता. जेवण किती जणांचं आणि निजायला ओसरी मिळेल का, एवढंच पुरुष मंडळी विचारतात. संडासाची सोय शिक्षिकेने विचारली. हा प्रश्न प्रत्येक गटाने पहिल्याच फोनमध्ये विचारायला हवा.

शनिवार, उधेवाडी

पहाटेची इंद्रायणी दादरहून. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात. तेवढ्यात दिवाडकरांचे बटाटेवडे हाती आले.

तुंगार्लीचा तलाव मागे पडला आणि दादाने रांग लावली. सगळ्यात पुढे काका, सगळ्यात मागे तो स्वतः. विद्यार्थी कुरकुरले. पण सावकाश चालणारा मागे राहिला की काय होतं? पुढचे थांबून विसावा घेतात, तो धापा टाकत पोहोचतो आणि नेमकं तेव्हाच पुढचे उठतात. ज्याला विसावा हवा त्यालाच तो मिळत नाही. काका पुढे असल्यामुळे रांग तुटली नाही. मधल्या थांब्यांवर गूळ-शेंगदाणे आणि खजूर फिरले. मुलीची टाच हुळहुळायला लागली तेव्हा ती लगेच बोलली. फोड येण्याआधीच पट्टी लागली.

चारच्या आत उधेवाडी आली. किल्ला श्रीवर्धन आणि मनरंजन अशा दोन बालेकिल्ल्यांचा, गाव त्यांच्या पायथ्याच्या माचीवर. मेअखेरीला काजवे बघायला इथे झुंबड उडते. ती गर्दी टाळण्यासाठीच डिसेंबर निवडला होता. पिठलं-भाकरी खाऊन मंडळी नऊला आडवी झाली. "काकू, थंडी एवढी असेल असं वाटलं नव्हतं," म्हणत एका विद्यार्थ्याने शिक्षिकेकडून कानटोपी मागून घेतली.

रविवार, कोंढाणे

सॅक ओसरीवर ठेवून, पाण्याची बाटली तेवढी घेऊन सगळे उजाडताच श्रीवर्धनवर निघाले. दोन बालेकिल्ल्यांमधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ, तिथून वाट चढते. माथ्यावर चिलखती बुरुज आहे: बुरुजाबाहेर दुसरी भिंत, मध्ये माणूस चालेल एवढी फट. खाली उल्हास नदीचं खोरं दिसतं. कल्याणहून बोरघाटाने वर येणाऱ्या व्यापारी वाटेवर नजर ठेवायला यापेक्षा सोयीची जागा कुठली? १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला, त्यामागे हेही कारण असणार.

उतरायचं मात्र कर्जतच्या बाजूला. निघण्यापूर्वी दादाने प्रत्येकाला पायऱ्या उतरायला लावून गुडघे तपासले. एकालाही दुखत असतं तर सगळेच जीपने लोणावळ्याला गेले असते. हिवाळ्यात या वाटेवर घसारा असतो. पाऊल आडवं, काठी पुढे, दोघांत हातभर नव्हे, चांगलं दहा पावलांचं अंतर. दीड तासाच्या उताराला अडीच तास लागले, आणि तेवढे धरलेलेच होते.

कोंढाण्याच्या बौद्ध लेण्यांशी सगळे विसावले. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात डावीकडे एक भंगलेला भव्य चेहरा आहे. शेजारी ब्राह्मी लिपीत कोरलंय, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव असं क्वचितच हाती लागतं. मुलगी ती अक्षरं वहीत उतरवत बसली, तिला कुणी घाई केली नाही.

कोंदिवड्याहून रिक्षा, कर्जतहून सुटणारी लोकल, सगळ्यांना बसायला जागा. कल्याण येईपर्यंत हिशेब वाटून झाला. न वापरलेल्या वस्तूंची यादीही मुलीच्या वहीत उतरली: जादा टी-शर्ट, दुसरी चादर, बिस्किटांचे तीन पुडे, पत्त्यांचा कॅट. पुढच्या खेपेला त्या घरी राहतील. दादरला उतरून माटुंग्यासाठी स्लो पकडताना काका विसापूरची चौकशी करत होते.