‘देवाची इच्छा’ : आधी आणि नंतर

मराठीत ‘देवाची इच्छा’ हे शब्द बहुधा सगळे घडून गेल्यावर उच्चारले जातात. काढणीला आलेला कांदा अवकाळी पावसात भिजला, उसातून आलेल्या बिबट्याने गोठ्यातले वासरू नेले, घरातला कर्ता मुलगा पुणे-नाशिक महामार्गावर अपघातात गेला, की भेटायला आलेले वडीलधारे ओसरीवर टेकतात, थोडा वेळ कोणी काही बोलत नाही आणि मग हे दोन शब्द येतात. अवसरी खुर्दमध्ये आम्ही ते इतक्या वेळा ऐकले आहेत, की त्यांच्या व्याकरणाकडे लक्ष जाणे आमच्या व्यवसायामुळे अपरिहार्यच होते. या वाक्याला क्रियापद नाही. त्यामुळे त्याला काळही नसावा. पण ऐकणारा ते भूतकाळातच ऐकतो. जे झाले त्यावर पडदा टाकण्याचे काम ते करते. त्यात सांत्वन आहे, आणि आम्ही त्याला कमी लेखत नाही. ज्याच्या घरात मृत्यू झाला आहे त्याच्यापुढे यापेक्षा अधिक शहाणे बोलू शकणारी माणसे आम्हांला फारशी भेटलेली नाहीत.

ख्रिस्ती घरात मात्र हेच शब्द रोज, काहीही घडण्याच्या आधी, उच्चारावे लागतात. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतील तिसरी मागणी देवाच्या इच्छेविषयीच आहे आणि तिथले क्रियापद आज्ञार्थी आहे. जे झाले ते मान्य असल्याचे त्यात म्हटलेले नाही; जे व्हायचे आहे ते मागितलेले आहे. आम्ही दोघेही अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) मिशनच्या परंपरेत वाढलो, मराठी विषय घेऊन एम. ए. झालो आणि नोकरीच्या निमित्ताने आंबेगाव तालुक्यात आलो. घरात आज्ञार्थी आणि गावात भूतकाळी अशी एकाच वाक्याची दोन रूपे गेली वीस वर्षे आमच्या कानांवर पडत आहेत. मराठी ख्रिस्ती गद्य वर्गात शिकविताना हा फरक आम्हांला अधिकाधिक महत्त्वाचा वाटत गेला. एकोणिसाव्या शतकात ज्या मराठी माणसांनी हा धर्म स्वीकारला, त्यांना नवा देव मिळाला असे आपण म्हणतो. त्याबरोबर त्यांना एक नवा प्रश्नही मिळाला : उद्या सकाळी मी काय करावे अशी त्याची इच्छा आहे?

हा प्रश्न बाप्तिस्म्याने सुटत नाही, हे या लेखनातून पुन्हा पुन्हा दिसते. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (1888) हे आत्मचरित्र आहे ते मुख्यतः उंबरठ्यावरच्या घालमेलीचे. मन आधीच वळलेले होते. पाऊल उचलायला 1854 साल उजाडले. पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे 1907 साली लिहिलेल्या साक्षीच्या निवेदनात त्या स्वच्छ सांगतात की, ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, पण धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळायला आणखी आठ वर्षे जावी लागली. दरम्यान त्या अमेरिकेत जाऊन आल्या होत्या, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले होते आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलविले होते. बाहेरून पाहणाऱ्याला हे कार्य विश्वासाचे फळ वाटावे. त्या स्वतः मात्र आपल्याला अजून काही सापडलेले नाही असे म्हणत होत्या. धर्मांतर हा एका दिवसाचा पराक्रम किंवा एका दिवसाचा द्रोह असे मानणाऱ्या आपल्या दोन्ही बाजूंच्या समीक्षकांनी या आठ वर्षांकडे पुरेसे पाहिलेले नाही.

रमाबाईंना देवाची इच्छा कळत कशी असे? त्यांचा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार 1977 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचला म्हणजे एक गोष्ट पक्की होते. वरिष्ठांनी सांगितले म्हणून ती देवाची इच्छा, हे समीकरण त्यांनी कधीच मानले नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या हाती मान द्यायची त्यांची तयारी नव्हती. मुलीच्या धर्मशिक्षणापासून त्रैक्याच्या सिद्धान्तापर्यंत त्या वाद घालीत राहिल्या. पण म्हणून त्यांनी स्वतःच्या मनाच्या प्रत्येक उचंबळाला देवाचा आवाज म्हटले, असेही नाही. 1896 साली लोणावळ्याच्या शिबिरात त्या एकांतात प्रार्थना करीत असता, बरोबरच्या पंधरा विश्वासी मुलींच्या संख्येचा वर्ग देवाजवळ मागावा, अशी प्रेरणा त्यांना झाली. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस. ही मागणी त्यांना स्वतःलाच अशक्य वाटली आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले. वाचणाऱ्याला इथे थोडे हसू येते, आणि ते यायला हरकत नाही. ईश्वराजवळ गणित घालणारी बाई मराठी वाङ्मयात दुसरी नाही.

त्यानंतर मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंच्या आईवडिलांचा अंत 1874च्या सुमारास अशाच दुष्काळात झाला होता. देवळांतून पुराणे सांगत, देव काही करील म्हणून वाट पाहत ते कुटुंब उपाशी हिंडले होते. 1897 मध्ये रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली घेऊन आल्या. शारदा सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन या मुलींच्या उपयोगी पडली आणि तिथे ‘मुक्ती’ उभे राहिले. लोणावळ्याची प्रार्थना खरी ठरली की नाही, या चर्चेत आम्हांला रस नाही. आम्हांला महत्त्वाची वाटते ती त्यांची खूण पटवून घेण्याची रीत : एकांतातली प्रेरणा, स्वतःच्या भुकेची आठवण आणि समोर मरणारी मुलगी. या तीन गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या तेव्हा त्या उठल्या. त्यांतली पहिली एकटीच असती तर ती भावविवशता ठरली असती. तिसरी एकटीच असती तर समाजकार्य.

लक्ष्मीबाई टिळकांची रीत अगदी वेगळी, आणि आमच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळची. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. त्याआधी आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार देऊन, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे म्हटले होते. ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. टिळक ते पुस्तक पेन्सिलीने खुणा करीत वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनाशी अडकले, हा त्यातला अधिक मोलाचा भाग सहसा सांगितला जात नाही. लक्ष्मीबाईंना मात्र असा प्रवासी भेटला नाही. नवऱ्याने धर्म बदलला. त्या माहेरच्या माणसांत, पंढरपुरात, अपमान आणि मूल सांभाळीत राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परतल्या त्या वेगळी चूल आणि वेगळे पाणी घेऊन. मग एके दिवशी त्यांच्या मनात आले, की जाती देवाने केल्या असत्या, तर पशुपक्ष्यांत जसे दिसणारे भेद आहेत तसे माणसामाणसांत दिसले नसते का? विचार पूर्ण झाला आणि त्या क्षणापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. ‘स्मृतिचित्रे’ (1934 ते 1937) वाचताना जाणवते ते असे, की या बाईला देवाची इच्छा देवघरात कळली नाही. ती पाण्याच्या भांड्यापाशी कळली.

टिळकांचे स्वतःविषयीचे म्हणणे प्रसिद्ध आहे : आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आमच्या भागात राहणाऱ्याला या म्हणण्याची एक स्थानिक बाजूही दिसते. तुकारामांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी शेजारच्या जुन्नर तालुक्यात ओतूरला आहे, असे परंपरा मानते. त्यांनी तुकोबांना स्वप्नात मंत्र दिला. तुकोबांनी तो ताडून पाहिला तो पुढची सगळी वर्षे रोजच्या जगण्यात, कीर्तनात आणि लोकांच्या त्रासात. स्वप्न एका रात्रीचे होते. या दृष्टीने पाहिले तर वारकरी आणि मराठी ख्रिस्ती यांच्यामधला पूल तत्त्वज्ञानाचा कमी आणि सरावाचा अधिक आहे. 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठीही. त्यानंतर दोनच वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, ते गेले. हा निर्णय ईश्वराचा होता की एका अस्वस्थ कवीचा, हे सांगणे कठीण आहे. त्यांच्या बाबतीत या दोहोंत फरक करता येतो असे आम्हांला वाटत नाही.

इथवर पुस्तकांचे झाले. आमच्या घरात हा प्रश्न आला तो आईच्या डायलिसिसच्या रूपाने. वय एक्याऐंशी, आठवड्यातून दोनदा मंचरला नेणे, येताना गाडीत ग्लानी, दुसरा दिवस अंथरुणात. दीड वर्षाने ती म्हणाली, “आता पुरे.” धाकट्या भावाचे म्हणणे स्पष्ट होते : जीव देणारा तो, घेणारा तो, मध्ये आपण कोण? त्याचे म्हणणे चुकीचे होते असे आम्ही आजही म्हणणार नाही. पण यंत्र सुरू ठेवणारेही आपणच होतो. शिवाय आमची अडचण याहून खोल होती. तिचे ‘पुरे’ हे तिचे होते की आमच्या चेहऱ्यावरचा थकवा पाहून आलेले? आणि ते ऐकून आम्हांला क्षणभर जी सुटका वाटली, तिला देवाची शांती म्हणायचे, की तिचे खरे नाव घ्यायचे?

अशा वेळी आम्हांला आधार मिळाला तो अनपेक्षित ठिकाणाहून. 1616 साली गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ छापणारे फादर स्टीफन्स ज्या संघाचे, त्या जेझुइटांचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने इच्छेच्या पारखीचे नियम लिहून ठेवले आहेत. मिशनच्या घरात वाढलेल्यांनी जेझुइटांच्या दारी जावे, याची आमच्या आजोबांना गंमत वाटली असती. असो. त्यातला एक नियम असा, की मन उदास, कोरडे, अंधारलेले असेल त्या काळात आधीचा निर्णय बदलू नये. उजेडात जे ठरविले होते त्याला धरून राहावे. नियम साधा आहे, पण त्यातून आम्हांला एक काम मिळाले. आम्ही महिनाभर थांबलो. वाईट दिवशी आई काय म्हणते ते ऐकले आणि सोडून दिले. चांगल्या दिवसाची वाट पाहिली. असा एक दिवस आला. सकाळी उन्हात बसून तिने अर्धी बाजरीची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, शेजारणीच्या सुनेची चौकशी केली, आणि मग कोणीही विचारले नसताना तेच म्हणाली. त्याच आवाजात, भाकरीबद्दल बोलावे तसे. डॉक्टरांशी आम्ही सविस्तर बोललो. भावाला बोलावून घेतले. त्याने तिला स्वतः विचारले. तिने त्यालाही तेच उत्तर दिले आणि वर, तू रडू नकोस, असे सांगितले.

त्यानंतर ती अकरा दिवस होती. रोज रात्री आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणत असू. तिसऱ्या मागणीशी तिचा आवाज थोडा वर यायचा. मातीला आलेल्या गावकऱ्यांनी ओसरीवर बसून नेहमीचे दोन शब्द म्हटले. त्या दिवशी ते आम्हांला परके वाटले नाहीत. भावाचे मत बदललेले नाही. नाताळला तो येतो, या विषयावर आम्ही बोलत नाही, आणि जेवणाच्या आधीची प्रार्थना तोच करतो. आमचा निर्णय ही देवाची इच्छा होती, असे विधान आम्ही कुठे करीत नाही. ती विचारली होती, एवढे म्हणू शकतो.

तेव्हापासून ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना आमचा भर थोडा बदलला आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ अपुरे ठेवले आणि लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचून ते पूर्ण केले, ही माहिती पूर्वी आम्ही टिपणात एका ओळीत देत असू. आता तिथे तास थांबतो. शाळेत न गेलेल्या, नवऱ्यामागे राहिलेल्या त्या बाईला, हे काम आपले आहे, असे कशावरून वाटले असेल, असे आम्ही विद्यार्थ्यांना विचारतो. उत्तरे नाना प्रकारची येतात. पतिनिष्ठा म्हणणारे असतात, हट्ट म्हणणारे असतात. यंदा मागच्या बाकावरच्या, बटाट्याच्या हंगामात निम्मे तास बुडविणाऱ्या एका मुलीने उत्तर न देता उलट प्रश्न केला : मॅडम, लक्ष्मीबाईंनी आधी पाणी प्यायले की आधी विश्वास ठेवला? वर्गात दोन तट पडले. घंटा झाली तरी कोणी उठेना, म्हणून तोच प्रश्न आम्ही गृहपाठाला दिला आहे. वह्या सोमवारी यायच्या आहेत.