केसपेपरवर काय लिहावं

पेडण्याकडून धारगळमार्गे पूल ओलांडला की कोलवाळ लागतं. 2015 पासून गोव्याचं मध्यवर्ती कारागृह तिथे आहे. पण कैद्याचं आजारपण कारागृहाच्या भिंतीआड मावत नाही. कधी म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, कधी बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, आणि सुटून घरी आला की तुये किंवा डिचोलीचं आरोग्य केंद्र. शिवाय अटक झालेल्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी कायद्यानेच करावी लागते. त्यामुळे "मेडिकलला आणलाय" हे वाक्य आमच्याकडच्या कुठल्याही सिस्टरला नवं नाही.

वेळ बहुधा आडनिडी असते. एक शिपाई दारात, दुसरा जीपपाशी. रक्तदाबाचा पट्टा बांधायला सिस्टर वाकते तेव्हा तपासणीला आणलेल्या माणसाचा मोकळा हात तिच्या गळ्यापासून वीतभर अंतरावर असतो. याने काय केलंय, हे विचारावंसं वाटणारच. तो प्रश्न जिवाच्या भीतीपोटी येतो. त्याला चौकशीखोरपणा म्हणणं अन्याय होईल. तरीही माझं मत असं, की त्या उत्तराने ती फारशी सुरक्षित होत नाही.

10 मे 2023 रोजी केरळात कोट्टारक्कराच्या तालुका इस्पितळात डॉ. वंदना दास यांचा खून झाला. ज्याच्यावर आरोप ठेवला गेला तो पेशाने शिक्षक. मदतीसाठी पोलिसांना फोन त्यानेच केला होता, आणि जखमेवर मलमपट्टी करायला पोलिसांनीच त्याला तिथे आणलं होतं. आरोपी म्हणून आणलेला नव्हता, त्यामुळे बेड्याही नव्हत्या. हत्यार म्हणजे इस्पितळातलीच कात्री. अशा वेळी जुन्या गुन्ह्यांची यादी काय कामाची?

उलट बाजूचं दुःख गोव्याने स्वतः पाहिलंय. फेब्रुवारी 1989 मध्ये म्हापशात डॉमिनिक डिसोझा यांना पोलिसांनी नेलं. ते रक्तदाते होते. त्यांच्या रक्तात एचआयव्ही आढळला होता, आणि ही गोष्ट त्यांच्याआधी पोलिसांना कळली होती. गुन्हा काहीच नव्हता, तरी त्यांना जुन्या क्षयरोग इस्पितळात 64 दिवस एकटं डांबलं. त्यांच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. 1992 मध्ये डॉमिनिक गेले. इस्पितळातला कागद चुकीच्या हाती पडला की माणसाचं काय होतं, हे आपल्याला बाहेरून कुणी शिकवायला नको.

त्याच एचआयव्हीने सगळ्या इस्पितळांना एक रीत लावली: कुणाच्या रक्तात काय आहे ते विचारत बसू नका, प्रत्येकाच्या वेळी हातमोजे घाला. मारहाणीच्या भीतीलाही मला हेच लागू पडतंसं वाटतं. पेशंट कुणीही असो, ट्रॉलीवर कात्र्या उघड्या नकोत, सिस्टरची पाठ दाराकडे हवी, रात्रपाळीला ती एकटी नको. शिपायाने झडप घालता येईल इतकं जवळ उभं राहावं, पण आजाराचं बोलणं त्याच्या कानावर पडता कामा नये.

आणि केसपेपरवर? दारू उतरतेय, हात थरथरतायत, काल सलाइन उपटून अंगावर धावला: हे ठळक लिहावं, पाळी बदलताना तोंडीही सांगावं. इस्पितळात याआधी कुणावर हात उगारला असेल तर तेही लपवू नये. 2017 चा मानसिक आरोग्य कायदासुद्धा दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून तेवढीच माहिती द्यायला मुभा देतो. कलम कुठलं लागलंय, खटला कुठवर आलाय, याने इंजेक्शनचा डोस बदलत नाही.

माझा जीव खरा अडकतो तो घरभेटीला जाणाऱ्या एएनएममध्ये, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेत. क्षयाचा पेशंट तुरुंगातून सुटला तर सहा महिन्यांच्या गोळ्या मध्येच तोडून चालत नाही, त्यामुळे त्याचे कागद गावच्या केंद्राकडे येतात. आधीचे उपचार कुठे झाले हे त्यावर वाचलं, की न सांगताही सगळं उघड होतं. त्याचं घर वाड्याच्या टोकाला, काजूच्या बागेपलीकडे. मोबाइलला रेंज नाही. इस्पितळातला शिपाई इथे नसतो, दुसरी सिस्टर नसते. तिला जोडीला कुणीतरी मिळायलाच हवं, आणि ते मिळवण्यासाठी त्या माणसाचा इतिहास वरिष्ठांपुढे मांडायची पाळी तिच्यावर येऊ नये. पेडणे-डिचोलीच्या गावांत घरं एकमेकांना ओळखतात. जोडीने जायचा नियम प्रत्येक घरभेटीला लावला, तर याच्याच दारात आज दोघी कशा आल्या, असं शेजारी कुणी विचारणार नाही.