फ्री लिस्ट आणि तिसरी घंटा

शनिवारची सकाळ. चहा झालाय, कपडे मशीनला लावलेत आणि पेपर वाचायचा कंटाळा आलाय. काल ऑफिसातून निघताना टीममधल्या एका मुलीने विचारलं, "तिकडे नाटकबिटक करायला वेळ मिळतो का हो?" ती या वर्षी एमएसला चाललीये. मी एकदम "मिळतो की!" म्हणून टाकलं आणि लिफ्टमध्ये शिरलो. खाली पोचेपर्यंत लक्षात आलं की आपण अर्धवट उत्तर दिलंय. म्हणून आज हे सविस्तर.

मी २०२२ च्या ऑगस्टमध्ये पिट्सबर्गला गेलो, कार्नेगी मेलनला. बॅगेत दोन प्रेशर कुकर, आईने दिलेलं मेतकूट आणि डोक्यावर कर्ज. बाबांनी घराची कागदपत्रं बँकेत ठेवली होती. त्यामुळे विमानात बसतानाच ठरवलं होतं, फक्त अभ्यास. नाटक वगैरे बंद.

आता माझं नाटक म्हणजे तरी काय? इंजिनीअरिंगला असताना तीन वर्षं पुरुषोत्तमला बॅकस्टेज. खिळे ठोकणे, चहा आणणे, भरत नाट्यच्या बाहेर घसा बसेपर्यंत ओरडणे. पण ज्याने एकदा पुरुषोत्तम केलाय त्याला विचारा, ते अंगातून जात नाही. तालीम बुडवणे हे आमच्याकडे महापाप होतं. ताप असला तर गोळी घेऊन या, पण या.

तर सप्टेंबरात बातमी आली की त्या वर्षी परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही, एकही एकांकिका त्या दर्जाची वाटली नाही म्हणे. आम्ही चार-पाच मराठी टाळकी त्या दिवशी एकाच्या किचनमध्ये तावातावाने भांडत होतो. बरोबर की चूक, परीक्षक कोण, आमच्या वेळी काय होतं... भांडणाच्या शेवटी साताऱ्याचा दादा (पीएचडीचं चौथं वर्ष, त्यामुळे सगळ्यांचाच दादा) म्हणाला, "एवढं कळतंय तर करा की इथे. दिवाळीच्या कार्यक्रमात पस्तीस मिनिटं मिळतील."

झालं! फक्त अभ्यास हा बेत महिनाभर टिकला.

एकांकिका आम्हीच लिहिली. छोट्या स्टेशनवर गाडी लेट झालीये आणि सहा माणसं अडकलीयेत. गोष्ट अशी निवडण्याचं कारण कलात्मक वगैरे काही नव्हतं. सेटला दोन बाकं पुरतात, म्हणून. मला स्टेशनमास्तर दिला, अकरा वाक्यं. आयुष्यात पहिल्यांदा विंगेच्या दुसऱ्या बाजूला.

तालमी वीन हॉलमध्ये, रात्री साडेनऊनंतर रिकाम्या वर्गात. वीन हॉल म्हणजे टेकडीच्या उतारावरची काँक्रीटची इमारत. समोरून आत शिरलात की थेट पाचव्या मजल्यावर! गंमत म्हणजे थोड्याच अंतरावर युनिव्हर्सिटीचा नाटकाचा विभाग. १९१४ साली सुरू झालेला, अमेरिकेत नाटकाची पदवी देणारा पहिला. तिकडे खरे नट, खरे दिवे. इकडे आम्ही फळ्यावरची कुणाची तरी समीकरणं न पुसता, त्याच्यासमोर "गाडी कधी येणार हो मास्तर?" करतोय.

आता वेळेचं. तिथे प्रत्येक कोर्सला युनिट असतात आणि एक युनिट म्हणजे आठवड्याला साधारण एक तास काम. १२ युनिटचा कोर्स म्हणजे १२ तास. माझे चार कोर्स, म्हणजे ४८. मी इंजिनीअर माणूस, लगेच एक्सेल उघडलं. आठवड्याचे तास १६८. वजा ४८ अभ्यास, राहिले १२०. वजा ४९ झोप, राहिले ७१. स्वयंपाक, जेवण, भांडी, आंघोळ दिवसाला तीन तास, म्हणजे २१, राहिले ५०. कॅफेतलं काम १०, बसची ये-जा १०. राहिले ३०. तालमींना हवेत १०. म्हणजे वीस तास शिल्लक! मी ती शीट ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "वेळ नाही हे कारण चालणार नाही." ती शीट अजून आहे माझ्याकडे. बघितली की कानशिलं गरम होतात.

त्या शीटमध्ये काय चूक होती हे मला एका असाईनमेंटने शिकवलं. तिथे कॉम्प्युटर सिस्टीम्सचा एक नावाजलेला कोर्स आहे. त्याचं पुस्तक तिथल्याच ब्रायंट आणि ओ'हॅलरन या प्राध्यापकांनी लिहिलंय. त्यात मॅलॉक लॅब नावाचं प्रकरण येतं. प्रोग्रॅम मेमरी मागतो, तुम्ही ती द्यायची, त्याने परत केली की मोकळ्या तुकड्यांच्या यादीत, म्हणजे फ्री लिस्टमध्ये ठेवायची. मार्क दोन गोष्टींवर: किती वेगाने देता आणि किती जागा वाया घालवता. ऐकायला सोपं. गोची अशी की एकूण मोकळी जागा भरपूर असते, पण तुकड्या-तुकड्यांत. शंभर मोकळे आहेत, कुणी चाळीस मागितले, पण सलग चाळीस कुठेच नाहीत. शेजारचे दोन मोकळे तुकडे जोडता येतात, पण मधे कुणी बसलेला असेल तर त्याला उठवता येत नाही. याला म्हणतात फ्रॅगमेंटेशन.

माझे वीस तास असेच होते. बसमधली पंचवीस मिनिटं, दोन लेक्चरच्या मधली चाळीस, कुकरच्या शिट्टीपर्यंतची पंधरा. बेरीज वीस, उपयोग शून्य. आणि तालमीला लागतात सहा माणसांचे सलग दोन तास, एकाच वेळी.

हे मला कळायच्या आधी जे घडलं, त्यासाठी खरं म्हणजे हा सगळा प्रपंच.

आमच्यात एक कोल्हापूरची मुलगी होती. तिचं काम सगळ्यात चांगलं. डबा उघडून सगळ्यांना आग्रह करणाऱ्या बाईचं. प्रयोगाला तीन आठवडे राहिले असताना तिने ग्रुपवर लिहिलं, "सॉरी, मला जमणार नाही." बस्, एवढंच. मी तेव्हा कॅफेतून उभ्या-उभ्या आलो होतो, उपाशी होतो, आणि अंगात पुरुषोत्तम होता. मी लिहिलं, "आधी हो म्हणायचं आणि मग पळ काढायचा. इथे सगळेच बिझी आहेत. शीट बघ." कुणीच काही बोललं नाही. दहा मिनिटांनी ती ग्रुपमधून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी दादाने बाजूला घेतलं. तिची एका कोर्सची मिडटर्म फार वाईट गेली होती. मग कोर्स ड्रॉप करायचा ना? तिचे कोर्स तीनच, बरोबर ३६ युनिट. त्याच्या खाली गेलं की फुलटाईम विद्यार्थी राहत नाही, आणि फुलटाईम नाही तर व्हिसाचा प्रश्न. कोर्स सोडता येत नव्हता, म्हणून तिने नाटक सोडलं. "आणि तू तिला एक्सेल दाखवलंस," दादा म्हणाला. आवाज न चढवता.

मी माफी मागायला हवी होती. नाही मागितली. आज बोलू, उद्या बोलू, करत राहिलो.

तिची भूमिका मडगावच्या एका मुलीने घेतली. तिच्या मराठीला कोंकणीचा हेल. दादाने तो न घालवता वाक्यंच तशी वळवली. शिवाय संहिता मोडून अशी बांधली की सहाही जण फक्त सुरुवातीला आणि शेवटी एकत्र. मधले सगळे प्रवेश दोघा-दोघांचे. दोघांचा वेळ जुळवणं सोपं! पूर्ण तालीम आठवड्यातून दोनदाच. मोकळे तुकडे मोठे होत नसतील तर मागणी लहान करायची, हे त्याला मॅलॉक न करता कळलं होतं.

मधल्या काळात घरी रोज फोन. एकदा बाबांनी विचारलं, "मागे कसला गलका चाललाय?" मी म्हणालो, "ग्रुप स्टडी." घर गहाण ठेवलेल्या माणसाला "बाबा, मी स्टेशनमास्तर झालोय" हे कसं सांगणार?

प्रयोग शनिवारी, १२ नोव्हेंबरला. मॅलॉकची डेडलाईन त्याच गुरुवारी रात्री, आणि त्याच रात्री रंगीत तालीम. उशिरा द्यायची सवलत मी आधीच संपवली होती. संध्याकाळी सहाला माझा प्रोग्रॅम चालत होता. साडेसातला मी एक छोटी सुधारणा केली आणि तो कोसळायला लागला. नऊ वाजले. सव्वानऊ. शेवटी मी दादाला मेसेज केला, "सॉरी, मला जमणार नाही."

पाठवल्यावर लक्षात आलं, शब्दसुद्धा तेच.

दादाचं उत्तर आलं, "येऊ नकोस. सबमिट कर."

तोंडावर पाणी मारायला उठलो तर त्याच लॅबच्या कोपऱ्यात कोल्हापूरकर बसलेली. गेले तीन आठवडे रोज तिथेच बसत होती म्हणे. मला बघून तिने डबा पुढे सरकवला. चिवडा. "खाल्लंयस का काही?" नाटकातलं तिचं पहिलं वाक्य हेच होतं. मी उभ्या-उभ्याच सगळं बोलून टाकलं. माझं चुकलं, मला माहीत नव्हतं, वगैरे वगैरे.

तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाटक गेलं त्याचं वाईट वाटलंच रे. पण तू सगळ्यांसमोर लिहिलंस. आणि माफी मात्र इथं एकट्यात मागतोयस."

काय बोलणार! जागेवर जाऊन आधी ग्रुपवर लिहिलं. काय झालं, मी काय बोललो, आणि ते चूक होतं. ती ग्रुपमध्ये नव्हती, म्हणून तेच तिलाही पाठवलं. मग कोडकडे वळलो. ती सुधारणा काढून टाकली आणि आधीचा हळू, जागा वाया घालवणारा पण चालणारा प्रोग्रॅम मध्यरात्रीच्या थोडं आधी सबमिट केला. ऑटोलॅबच्या स्कोअरबोर्डवर माझं नाव शोधायला बरंच खाली जावं लागत होतं.

शनिवारी प्रयोग झाला. तिसरी घंटा आम्ही मोबाईलवर वाजवली. अकरापैकी नऊ वाक्यं मी बरोबर म्हटली, एक विसरलो आणि एक दोनदा म्हटलं. मडगावच्या मुलीने टाळ्या घेतल्या. तिसऱ्या रांगेत कोल्हापूरकर होती. डब्याच्या प्रवेशाला सगळ्यात मोठ्याने तीच हसली. प्रयोगानंतर भेटायला थांबली नाही. सोमवारी तिचं काहीतरी सबमिशन होतं.

रविवारी बाबांना खरं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "व्हिडिओ आहे का? पाठव." संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, "आवाज नीट येत नाही. पुढच्या वेळी माईक वापरा."

ती त्या कोर्समध्ये पास झाली. मीही झालो, मार्क विचारू नका :-) पुढच्या वर्षी, २०२३ ला, आम्ही पुन्हा एकांकिका केली आणि तालमींची शीट तिने बनवली. तीत "वेळ किती आहे" असा कॉलमच नव्हता. पहिला कॉलम होता, "कधी येऊ शकणार नाही". कारण लिहायचं नाही, फक्त वार आणि वेळ. त्या वर्षी कुणीच नाटक सोडलं नाही.

तर काल विचारणाऱ्या मुलीसाठी पूर्ण उत्तर: वेळ मिळतो, पण तुकड्यांत मिळतो. नाटक जरूर कर. पहिल्या सेमिस्टरला छोटी भूमिका घे. आणि कुणी मधेच "जमणार नाही" म्हणालं तर ग्रुपवर काही लिहायच्या आधी त्याला एक फोन कर.

चला, मशीनची शिट्टी झाली. कपडे वाळत घालतो.