नऊ किलोंचा फरक

मी बघत असलेल्या दोन्ही ई-बाइक कायद्याच्या लेखी सारख्याच. मोटर २५० वॉटची आणि ताशी २५ किलोमीटरचा वेग आला की मोटरची मदत बंद. मे २०२४ पासून आयर्लंडमध्ये एवढ्या मापाची ई-बाइक साधी सायकलच धरतात. त्यापुढची घेतली की नोंदणी, विमा, लायसन्स असं सगळं मागे लागतं. मग एक हलकी आणि दुसरी ताकदीची कशी? ताकद टॉर्कमध्ये आहे. हलकीचा टॉर्क ३५ न्यूटन-मीटर, दुसरीचा ८५. बॅटरीही दुसरीची जवळजवळ दुप्पट. वजन मात्र एकीचं सोळा किलो, दुसरीचं पंचवीस. पोर्टलीशच्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात सध्या या नऊ किलोंवरच बोलणं चालू आहे.

नवरा ताकदवालीच्या बाजूचा. "अगं, बारा तास ड्युटी करून वर वाऱ्याशी भांडत येणार का?" त्याचं म्हणणं खरं आहे. मी नर्स आहे आणि माझं काम माउंटमेलिकच्या बाजूला, दहा-अकरा किलोमीटरवर. रस्ता जवळजवळ सपाट. स्लीव्ह ब्लूमचे डोंगर डाव्या हाताला लांबच राहतात. इथे चढ चढायचा तो वाऱ्याचा. ताशी वीसच्या वेगानं जाताना समोरून तेवढाच वारा आला, तर हवेचा विरोध चौपट होतो. साधारण माणसाचे पाय बराच वेळ टिकेल असा जोर देतात तो पाऊणशे ते शंभर वॉटचा. त्यात पाऊस, त्यात एन-८० रस्त्यावरचे ट्रक. अशा वेळी मोटरचा जोर ही चैन नव्हे. शिवाय चालवताना मोटर स्वतःचं वजन स्वतःच वाहते, ते पायांना कळतही नाही.

वजन कळतं ते उचलताना, आणि सायकल उचलायची असते हे मी सांगलीत शिकले.

बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. त्यांची काळी सायकल वीस किलोंच्या वरची. मधल्या नळीखालून पाय घालून अर्धं पॅडल मारत मी तिच्यावरच शिकले. ती आडवी झाली की मला एकटीला उभी करता यायची नाही. कुणीतरी येईपर्यंत तिथेच उभं राहायचं. पुढे मिरजेला नर्सिंगला जायला लागले तेव्हा माझी स्वतःची लेडीज सायकल आली. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं, आमच्या पायरीला लागलं. बाबांनी धान्याच्या डब्यांच्या पाठोपाठ सायकली गच्चीवर न्यायला काढल्या. त्यांनी हँडल धरलं, मी मागून कॅरिअर. वळणावर पुढचं चाक फिरून भिंतीला अडायचं, पॅडल नडगीवर बसायचं, चेनचं काळं वंगण ओढणीला लागलेलं. माझी सायकल मात्र मी एकटीनं खांद्याला लावून वर नेली. पाणी उतरल्यावर चिखलातून बाबा कामावर गेले ते त्यांच्या त्याच काळ्या सायकलवरून. गल्लीतल्या अनेकांच्या सायकली गाळात रुतून बसल्या होत्या.

बाबांच्या सायकलच्या टायरवर 'डनलप' अशी उठावाची अक्षरं होती. जॉन बॉइड डनलप हे जनावरांचे डॉक्टर. १८८७ साली बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी त्यांनी हवेचा टायर केला आणि तो बनवणारा पहिला कारखाना डब्लिनमध्ये निघाला. इथे आल्यावर हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. बाबांची सायकल याच बेटाचं काहीतरी घेऊन हळदीच्या पोत्यांमधून फिरत होती.

असो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि खाली सायकलला आडोसा नाही. ताकदवालीची बॅटरी निघते, ती तेवढी वर आणून चार्ज करता येईल. पण मग पंचवीस किलोंची सायकल रात्रभर पावसात, कुलपाच्या भरवशावर. हलकीची बॅटरी सांगाड्याच्या आत बसवलेली, म्हणजे चार्ज करायला अख्खी सायकलच वर न्यायची. कागदावर हा तिचा मोठा दोष. पण नाहीतरी मी तिला वरच नेणार आहे. दुकानात दोन्ही उचलून पाहिल्या. हलकी खांद्यावर बसली. दुसरी जमिनीवरून उठली खरी, पण तिला घेऊन चार पायऱ्याही चढवल्या नसत्या. नाइट ड्युटी संपवून सकाळी हे करायचं, तेव्हा मदतीला घरात कुणी नसतं. नवरा डब्लिनच्या गाडीत बसलेला असतो. चार्ज संपला किंवा मोटर बिघडली तरी हलकी नुसत्या पायांवर घरापर्यंत येईल, हेही मला महत्त्वाचं वाटतं. वाटेत कुणाची तरी वाट बघत उभं राहायला लावणारी सायकल मला नको.

सायकल टू वर्क योजनेत नोकरीच्या ठिकाणाहून सायकल घेऊन देतात आणि पैसे कर लागण्याआधीच्या पगारातून वळते होतात. ई-बाइकला मर्यादा १,५०० युरोंची, आणि तीही चार वर्षांतून एकदाच. वरचे पैसे आपले. त्यामुळे घाई करायची नव्हती. पण काल अर्ज भरला, हलकीचा.

रात्री फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "हलकीच घ्यायची होती तर मग मोटर कशाला?"

"येताना वारा समोरून असतो गं, आई. जाताना मी पायांनीच जाईन."

"आणि रेनकोट?"

तो घेतलाय. पिवळा, ट्रकवाल्यांना लांबून दिसेल असा.